टपोऱ्या अक्षरांचे धनी जावजी दादाजी

मराठी मुद्रणाच्या इतिहासात गणपत कृष्णाजींच्या पाठोपाठ आदराने घेतले जाणारे नाव म्हणजे 'निर्णयसागर' छापखान्याचे संस्थापक जावजी दादाजी चौधरी यांचे. १८३९ मध्ये मुंबईतील एका गरीब कुटुंबात त्यांचा जन्म झाला. शिक्षण जेमतेम. लहान वयातच ते अमेरिकन मिशनच्या छापखान्यात खिळे घासण्याच्या कामावर लागले. तेथे थॉमस ग्रॅहम देवनागरीचे खिळे घडवीत असत. त्यांच्या हाताखाली या मुलाने ओतकामातील बारकावे आत्मसात केले. पुढे इतर छापखान्यांत अनुभव घेऊन १८६४ मध्ये त्यांनी स्वतःचा टाइपांचा कारखाना काढला आणि १८६९ मध्ये निर्णयसागर सुरू केला.

त्यांचे अक्षर पोलादावर कोरणारे हात मात्र राणोजी रावजी आरू यांचे होते. जावजींचा गौरव करताना आरूंचा उल्लेख अनेकदा राहून जातो, हे न्यायाचे नाही.

निर्णयसागरचे ठळक अक्षर पाहताच ओळखू येते. काना भरदार, वळणावर रेघ बारीक होत गेलेली, गाठी टपोऱ्या. इटलीतील बोदोनी (१७४०–१८१३) यानेही जाड उभ्या रेषा आणि पायाशी केसासारखी बारीक आडवी रेघ अशी रोमन अक्षरे घडविली होती. देवनागरीतील जाड-बारीकपणा मात्र तिरप्या कापलेल्या बोरूतून आलेला आहे. जावजींच्या कारखान्याने पोथीचे हे वळण धातूत उतरविले, म्हणूनच ते परके वाटले नाही.

असे अक्षर कोठे वापरावे, याची जाण हे जावजींचे खरे वैशिष्ट्य होय. ग्रंथनाम, मथळा, मूळ श्लोक यांना ते शोभते. 'रघुवंशा'च्या आवृत्तीत श्लोक मोठ्या टाइपात आणि मल्लिनाथाची टीका लहान टाइपात, अशी मांडणी आढळते. त्यामुळे मूळ कोठे संपते आणि टीका कोठे सुरू होते, हे विद्यार्थ्याला शोधावे लागत नाही. तेच ठळक अक्षर लहान आकारात सलग मजकुरासाठी वापरले, तर हलक्या कागदावर बारीक रेघा तुटतात आणि 'ष', 'क्ष' यांच्या पोकळ्यांत शाई भरते. आज भीमाकाठच्या वडगाव रासाईसारख्या गावांतही फलकाची अक्षरे संगणकावर जुळविली जातात. जाड अक्षर आणखी जाड करायला तेथे एक कळ पुरते. पोकळ्या मात्र तशाच बुजतात.

१८८६ मध्ये निर्णयसागरने 'काव्यमाला' सुरू केली. पंडित दुर्गाप्रसाद आणि काशिनाथ पांडुरंग परब यांच्या संपादनाखाली हस्तलिखितांत अडकलेली अनेक संस्कृत काव्ये तीतून छापून निघाली. स्वतःला फारसे शिक्षण न लाभलेल्या या गृहस्थाने संस्कृतच्या अभ्यासकांची ही सोय केली. १८९२ मध्ये जावजींचे निधन झाले. त्यानंतर छापखान्याची धुरा त्यांचे चिरंजीव तुकाराम जावजी यांनी सांभाळली.