होळकर महाराजांच्या मोटारी

वेरूळला घृष्णेश्वराच्या दर्शनाला गेलं की होळकरांची आठवण निघतेच. अठराव्या शतकात हे देऊळ त्याच घराण्यानं पुन्हा उभारलं. अहिल्यादेवी आपल्याला घरच्यासारख्या ठाऊक. पण इंदूरवर राज्य करणारे शेवटचे महाराज, दुसरे यशवंतराव, आपल्यापैकी फार थोड्याजणींना माहीत असतील. (इंग्रजांशी झुंजले ते पहिले यशवंतराव, ते वेगळे बरं का!) या महाराजांना मोटारींचं भारी वेड.

त्यांचा जन्म ६ सप्टेंबर १९०८ चा. शिक्षण इंग्लंडमध्ये, थेट ऑक्सफर्डपर्यंत. मुंबईतल्या गाजलेल्या बावला खून प्रकरणानंतर वडिलांना, तुकोजीरावांना, १९२६ मध्ये गादी सोडावी लागली आणि सतरा वर्षांचा मुलगा महाराज झाला. लग्न त्याआधीच, १९२४ साली झालं होतं. महाराणी संयोगितादेवी आपल्या महाराष्ट्राच्या लेक, कोल्हापूरजवळच्या कागलच्या घाटग्यांच्या. मॅन रे या नामवंत छायाचित्रकारानं काढलेले दोघांचे फोटो बघण्यासारखे आहेत. राजेरजवाड्यांचा ताठा कुठं नाही, नवीन लग्न झालेलं कुठलंही जोडपं हसेल तसे दोघं हसताहेत. एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुकाराकडून त्यांनी इंदूरला माणिकबाग हा राजवाडा बांधून घेतला. त्या काळात तिथं वातानुकूलन होतं!

आता मोटारींकडे येऊ. त्या काळी इंग्लंडची बेंटलीसारखी गाडी तयार मिळतच नसे. कारखाना फक्त सांगाडा आणि इंजिन द्यायचा. वरचा साज दुसऱ्या कारागिरांकडून आपल्या मापानं करून घ्यायचा, अगदी कापड घेऊन शिंप्याकडे जावं तसा. आतून अ‍ॅश लाकडाची चौकट, वरून हातानं ठोकून आकार दिलेला पत्रा. महाराजांच्या ताफ्यात बेंटली होतीच. पण सगळ्यात गाजली ती नारंगी-काळ्या रंगाची ड्यूसेनबर्ग. इंजिन अमेरिकेचं, साज लंडनच्या गर्नी नटिंग यांचा. गाडीत महाराज आहेत की महाराणी, हे पोलिसांना दुरून कळावं म्हणून पुढं वेगवेगळ्या रंगांचे दिवे होते, असं सांगतात.

अशी गाडी विकत घेणं एक आणि सांभाळणं दुसरं. पैठण आपल्या जिल्ह्यातलं, तेव्हा तुम्हाला वेगळं सांगायला नको: पैठणी कपाटात नुसती ठेवली तर घडीवर जर तुटते, मधूनमधून घडी मोडून ती उलटी घालावी लागते. गाडीचंही तसंच. झाकून ठेवली की टायर एका जागी चपटे होतात, रबरी नळ्या कडक होऊन चिरतात, पेट्रोलचा चिकट थर बसतो, पावसाळ्यात पत्र्याखालचं लाकूड कुजतं आणि ते बाहेरून दिसतही नाही. त्या काळच्या बेंटलीत एक खास पायटा असे. तो दाबला की खालच्या सांध्यांना तेल पोचायचं. तेवढं पायानं दाबायचं कुणी विसरलं तरी सांधे झिजायला लागायचे. राजांच्या गाड्यांना हे सगळं करणारे हात असत. त्यांची नावं मात्र कुठं छापून येत नाहीत, याचं मला नेहमी वाईट वाटतं.

आणि मग १९३७ चा जुलै आला. संयोगितादेवी स्वित्झर्लंडमध्ये वारल्या, पंचविशीही गाठली नव्हती. मागं तीन वर्षांची लेक, उषाराजे. गाड्या होत्या, राजवाडा होता, पण फोटोतलं ते हसू पुन्हा दिसलं नाही. महाराजांनी पुढं दोनदा लग्न केलं, दोन्ही वेळा अमेरिकन स्त्रियांशी. १९४८ मध्ये इंदूर संस्थान मध्य भारतात विलीन झालं आणि ५ डिसेंबर १९६१ ला महाराज गेले, वय अवघं त्रेपन्न. नंतर गादीचा मान मुलाला नाही, तर संयोगितादेवींच्या लेकीला, उषाराजेंना मिळाला. हे वाचून बरं वाटलं.

सामानसुमान पांगलं. माणिकबागेतलं कितीतरी फर्निचर १९८० मध्ये परदेशात लिलावात विकलं गेलं. त्यातल्या वस्तू २०१९ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात लोकांनी रांगा लावून पाहिल्या. ड्यूसेनबर्गही समुद्रापार गेली.

इंदूरला सराफ्यात खायला जाल तेव्हा रिक्षावाल्याला माणिकबाग विचारा. राजवाडा अजून उभा आहे, तिथं आता केंद्र सरकारचं जीएसटीचं कार्यालय आहे. आत सोडतील न सोडतील, पण बाहेरून नजर टाकायला काय हरकत आहे?