डॉ. विल्यम मायनर : तुरुंगही नाही, मोकळीकही नाही



धम्मबंधू आणि भगिनींनो, एखाद्या मनोरुग्णाच्या हातून खून झाल्याची बातमी आली की आपल्यातही लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, फाशी द्या. दुसरा म्हणतो, बिचारा आजारी आहे. या दोन्हींच्या मधे काय करता येते, हे डॉ. विल्यम चेस्टर मायनर यांच्या आयुष्यातून नीट कळते. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या इतिहासात हे नाव प्रसिद्ध आहे.

मायनर यांचा जन्म १८३४ साली सिलोनमध्ये, म्हणजे आजच्या श्रीलंकेत, अमेरिकन मिशनरी कुटुंबात झाला. येलमधून १८६३ मध्ये वैद्यकीय पदवी घेऊन ते अमेरिकन यादवी युद्धात उत्तरेच्या सैन्यात सर्जन झाले. युद्धानंतर त्यांचे मन ढळू लागले. लोक आपल्या जिवावर उठले आहेत, असे त्यांना वाटे. १८६८ मध्ये त्यांना वॉशिंग्टनच्या मनोरुग्णालयात ठेवले गेले. पुढे सैन्याने पेन्शन देऊन निवृत्त केले आणि १८७१ मध्ये ते लंडनला आले. आजार बरा झालेला नव्हता, पिस्तूल जवळ होते आणि लक्ष ठेवणारे कोणी नव्हते.

१७ फेब्रुवारी १८७२. लॅम्बेथमध्ये रात्री दोनच्या सुमारास खोलीत कोणी शिरल्याचा त्यांना भास झाला. ते रस्त्यावर धावले आणि कामावर निघालेल्या जॉर्ज मेरेट यांच्यावर त्यांनी गोळ्या झाडल्या. मेरेट बिअरच्या कारखान्यात भट्टीवर कोळसा टाकणारे कामगार होते. दोघांची ओळखही नव्हती. मेरेट यांच्या घरी सहा मुले होती आणि पत्नी एलायझा गरोदर होती.

इंग्लंडमध्ये १८४३ च्या मॅक्नॉटन खटल्यानंतर एक नियम ठरला होता. मनाच्या आजारामुळे आपण काय करतो आहोत, किंवा ते वाईट आहे, हेच आरोपीला कळत नसेल तर त्याला दोषी धरायचे नाही. हेच तत्त्व भारतीय दंड संहितेच्या कलम ८४ मध्ये होते आणि आज भारतीय न्याय संहितेच्या कलम २२ मध्ये आहे. ज्यूरीने मायनर यांना या आधारावर निर्दोष ठरवले, पण घरी सोडले नाही. त्यांची रवानगी ब्रॉडमूरच्या बंदिस्त मनोरुग्णालयात झाली, तीही मुदत न ठरवता.

आपल्याला हा विचार परका नाही. विनयपिटकात गग्ग नावाच्या भिक्खूची हकीकत आहे. वेडाच्या भरात त्याच्याकडून अनेक अपराध घडले आणि तो बरा झाल्यावरही इतर भिक्खू त्याला दोष देत राहिले. तेव्हा बुद्धांनी अमूळ्हविनय घालून दिला. मन ठिकाणावर नसताना घडलेल्या कृत्याचा दोष लावायचा नाही. पण सगळे आठवत असताना वेडाचे सोंग घेणाऱ्याला ही सवलत नाही. चेतना पाहायची, आणि ती तपासूनही घ्यायची.

ब्रॉडमूरमध्ये मायनर यांना पुस्तके ठेवायची मुभा होती. डिक्शनरीचे संपादक जेम्स मरे यांनी वाचकांना आवाहन केले होते, ते मायनर यांच्यापर्यंत पोहोचले. आपल्या जुन्या पुस्तकांतील शब्दांची त्यांनी पानांसह सूची केली. आम्ही आयटीवाले ज्याला इंडेक्स म्हणतो, तेच हे काम. संपादकांना ज्या शब्दाची गरज असे, त्याची उदाहरणे ते लगेच पाठवत. सुमारे वीस वर्षांत त्यांनी अशी हजारो उदाहरणे पाठवली. एलायझा मेरेट यांना त्यांनी पैशांची मदत देऊ केली. त्या स्वतः ब्रॉडमूरमध्ये येऊन त्यांना भेटल्या आणि काही काळ त्यांच्यासाठी पुस्तकेही आणत राहिल्या.

पण ही अंगुलिमालाची कथा नव्हे. मायनर बरे झाले नाहीत. रात्री जमिनीखालून माणसे येऊन छळतात, हा भ्रम शेवटपर्यंत गेला नाही. १९०२ मध्ये त्यांनी स्वतःला भयंकर इजा करून घेतली. म्हणजे कुलूप गरजेचेच होते. १९१० मध्ये गृहमंत्री विन्स्टन चर्चिल यांच्या आदेशाने त्यांना अमेरिकेत नेले गेले, तेही रुग्णालयातच. १९२० मध्ये त्यांचे निधन झाले.

या आयुष्यात मला तीन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. समाजाचे रक्षण झाले. आजारी माणसाला माणूस म्हणून वागवले गेले. तिसरी गोष्ट मात्र अपुरी राहिली. मायनर यांच्या वाट्याला छप्पर, पेन्शन आणि पुस्तके आली, तर मेरेट कुटुंबाला दुसऱ्यांच्या मदतीकडे पाहावे लागले. पीडितांची काळजी ही कोणाच्या मनाच्या मोठेपणावर सोडायची बाब नाही, ती न्यायाचाच भाग आहे.

आणखी एक. बहुतेक मनोरुग्ण कोणावरही हात उगारत नाहीत. परदेशात एकटेपणा असतो, व्हिसाची चिंता असते, लोक काय म्हणतील ही भीती असते. म्हणून आपणही घरातला आजार लपवतो. मायनर यांच्या आजाराची लक्षणे त्या रात्रीच्या चार वर्षे आधी दिसली होती. त्यांना दवाखान्यात नेणारे होते, पण नंतर हात सुटला. आपल्यापैकी कोणाचे मन ढळताना दिसले तर तो हात सुटू देऊ नका. डॉक्टरांकडे सोबत जा, आणि पुढच्या महिन्यातही विचारपूस करा.

सर्वांचे मंगल होवो.