कै. खाशाबा दादासाहेब जाधव

कृष्णा-कोयनेच्या संगमाने पावन झालेल्या कऱ्हाड नगरीच्या परिसरात गोळेश्वर नावाचे एक लहानसे गाव आहे. स्वतंत्र भारताला ऑलिंपिक स्पर्धेत वैयक्तिक पदक मिळवून देणारा पहिला पुरुष ह्याच गावच्या मातीत वाढला. त्या पुरुषाचे, म्हणजे कै. खाशाबा जाधव ह्यांचे, नाव आपल्या घराघरांत ठाऊक आहे. परंतु त्यांच्या पदकामागे किती जणांचे श्रम व किती जणांचा त्याग होता, हे नव्या पिढीस माहीत असेलच असे नाही. म्हणून त्यांच्या चरित्राचे हे अल्पसे स्मरण.

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी झाला. वडील दादासाहेब हे स्वतः नामांकित मल्ल. पाच पुत्रांत खाशाबा धाकटे. ज्या घरी वडीलच वस्ताद, त्या घरी मुलांना आखाड्याची वाट निराळी दाखवावी लागत नाही. जोर, बैठका आणि डाव-प्रतिडाव ह्यांचे धडे खाशाबांना अक्षरओळखीबरोबरच मिळाले. सातारा आणि सांगली हा मुलूख त्या काळी एकाच जिल्ह्याचा भाग होता. १९४९ साली त्यातून दक्षिण सातारा जिल्हा निराळा काढण्यात आला व १९६० साली त्यास सांगली हे नाव मिळाले. ह्या साऱ्या मुलखात गावोगावच्या यात्रांत कुस्त्यांचे फड भरत, आणि विजयी मल्लाच्या डोक्यावर बांधलेला फेटा हा साऱ्या गावाचा मान समजला जाई.

१९४० ते १९४७ ह्या काळात खाशाबांचे शिक्षण कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलात झाले. ती वर्षे धामधुमीची होती. क्रांतिसिंह नाना पाटील ह्यांच्या प्रतिसरकारची चळवळ ह्याच मुलखात धगधगत होती. विद्यार्थिदशेतील खाशाबांनीही भूमिगत कार्यकर्त्यांना आसरा देण्याचे व सरकारविरोधी पत्रके पोहोचविण्याचे काम केले.

पुढे ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात दाखल झाले. शाहू छत्रपतींच्या उदार आश्रयाने कोल्हापूर ही मल्लविद्येची राजधानी झालेली होती. अशा ठिकाणी आडदांड पैलवानांच्या गर्दीत ही साडेपाच फुटांच्या आतबाहेरची, सडसडीत मूर्ती कोणाच्या नजरेत भरणार? महाविद्यालयाच्या वार्षिक क्रीडास्पर्धेत त्यांची शरीरयष्टी पाहून क्रीडाशिक्षकांनी त्यांना कुस्तीस परवानगी नाकारली. खाशाबांनी वाद घातला नाही. ते थेट प्राचार्यांकडे गेले व परवानगी मिळवून आखाड्यात उतरले. तेथे आपल्याहून थोराड गड्यांना त्यांनी एकामागून एक अस्मान दाखविले. बाबूराव बलवडे व बेलापुरे गुरुजी ह्या मार्गदर्शकांच्या हाताखाली त्यांची विद्या पक्व झाली. बळापेक्षा चपळाईवर व हिशेबी डावांवर त्यांचा भर असे. प्रतिस्पर्ध्याची मान बगलेत धरून त्यास फेकण्याचा ढाक हा डाव तर त्यांच्या हातखंड्याचा होता.

१९४८ साली कोल्हापूरच्या महाराजांच्या आर्थिक साहाय्याने खाशाबा लंडनच्या ऑलिंपिकला गेले. मातीतली कुस्ती आणि गादीवरची कुस्ती ह्यांत किती अंतर आहे, ते त्यांना तेथे कळले. आपल्याकडे प्रतिस्पर्धी चीतपट झाला म्हणजे कुस्ती निकाली. तेथे वेळेचे बंधन व पंचांनी दिलेले गुण. आपल्याकडे लांगेला हात घालून पकड घेता येते. तेथे कपडा धरणेच नियमबाह्य. आपला मल्ल अनवाणी, तर तेथे पायांत बूट. अमेरिकेचे रीस गार्डनर ह्यांनी त्यांना गादीवरच्या कुस्तीचे शिक्षण दिले. एवढ्याशा तयारीवर खाशाबांनी ऑस्ट्रेलिया व अमेरिका ह्या देशांच्या मल्लांना हरविले आणि फ्लायवेट गटात सहावा क्रमांक मिळविला. दुसरा कोणी त्यावर समाधान मानून राहिला असता. खाशाबांनी मात्र पुढील चार वर्षे अधिक वजनाच्या गटासाठी कसून मेहनत केली.

१९५२ साली हेलसिंकीला जाण्याची वेळ आली तेव्हा पैशाचा प्रश्न उभा राहिला. गोळेश्वरच्या व आसपासच्या ग्रामस्थांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे वर्गणी दिली; परंतु तेवढ्याने भागेना. तेव्हा प्राचार्य बाळासाहेब खर्डेकर ह्यांनी आपले राहते घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले. त्या काळी ही रक्कम लहान नव्हती. ज्या विद्यार्थ्याच्या यशाची कोणी हमी देऊ शकत नव्हते, त्याच्यासाठी गुरूने डोक्यावरचे छप्पर पणाला लावावे, ह्याहून मोठी गुरुकृपा कोणती?

हेलसिंकीत बँटमवेट गटात खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको व जर्मनी ह्या देशांच्या मल्लांवर मात केली. पुढे जपानचे शोहाची इशिई व सोव्हिएत रशियाचे रशीद मामेदबेयोव्ह ह्यांच्याकडून त्यांना हार पत्करावी लागली. दोन कुस्त्यांच्या मध्ये नियमाप्रमाणे मिळावयाची विश्रांतीदेखील त्यांना मिळाली नाही आणि त्यांची बाजू मांडावयास भारतीय पथकातील कोणी अधिकारी तेथे हजर नव्हता. तरीही कांस्यपदक त्यांनी मिळविलेच. इशिई सुवर्णपदकाचे व मामेदबेयोव्ह रौप्यपदकाचे मानकरी ठरले, ही गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे ह्या पराभवांचेही मोल कळते.

विजयी वीर कऱ्हाडला परतला तेव्हा शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. थोड्याशा अंतराची ती वाट चालावयास कित्येक तास लागले. परंतु सत्काराच्या हारांत खाशाबा आपले ऋण विसरले नाहीत. कोल्हापुरात कुस्त्यांचे फड भरवून त्यांनी पैसा जमविला व गुरूचे गहाण घर सोडवून दिले. आमच्या मते पदकाइतकीच ही गोष्टही त्यांच्या थोरवीची साक्ष आहे.

१९५५ साली ते पोलीस खात्यात फौजदार म्हणून दाखल झाले. खात्यांतर्गत स्पर्धा त्यांनी जिंकल्या व क्रीडाशिक्षक म्हणून इतरांना घडविण्याचे कामही केले. १९८३ साली साहाय्यक पोलीस आयुक्त ह्या पदावरून ते निवृत्त झाले. निवृत्तिवेतनासाठी मात्र ह्या पदकविजेत्यास झगडावे लागले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरील अपघातात त्यांचा अंत झाला. राज्य शासनाचा शिवछत्रपती पुरस्कार व केंद्र शासनाचा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाले, ते मृत्यूनंतर. २०१० साली दिल्लीतील कुस्तीच्या क्रीडागृहास त्यांचे नाव देण्यात आले. भारताला पुढचे वैयक्तिक पदक मिळण्यास १९९६ साल उजाडावे लागले, आणि कुस्तीतील पुढचे पदक तर २००८ साली मिळाले. त्यांचा पराक्रम केवढा एकाकी होता, ते ह्यावरून समजते.

ह्या चरित्रापासून आपण काय घ्यावे? प्रत्येक घरी खाशाबा जन्मास येतील असे नाही. परंतु आपल्या नात्यागोत्यात व शेजारीपाजारी हुशार व होतकरू, पण परिस्थितीने गांजलेली मुले अवश्य आहेत. कोणाची फी अडलेली असते, कोणाचा खुराक, तर कोणाचा प्रवासखर्च. मिरवणुकीच्या दिवशी बैलगाडी जुंपणारे पुष्कळ मिळतात. मिरवणुकीच्या आधी वर्गणी देणारे गावकरी आणि घर गहाण टाकणारे प्राचार्य विरळा. आणि ज्यांना असे साहाय्य मिळाले त्यांनी, हाती चार पैसे येताच, ते ऋण फेडून पुढच्याची वाट मोकळी करावी. एवढे जरी आपल्या मंडळींकडून घडले तरी कै. खाशाबांचे खरे स्मारक आपल्या घरोघरी उभे राहील.