सिकंदराबादेत पकडला गेला ‘ठिपकेवाला डास’. कोण होते रोनाल्ड रॉस?

पावसाळ्यात नांदेड-लातूरच्या गल्ल्यांत आशाताई रांजण, कूलर, टाक्या उघडून पाहतात. तापाच्या रुग्णाचे रक्त तपासायचे आणि त्याच्या घराभोवतीचा डासही शोधायचा, हा माग काढण्याचा मार्ग ज्यांनी घालून दिला, त्यांत रोनाल्ड रॉस यांचे नाव आघाडीवर आहे. आणि त्यांचे मोठे काम इथून फार लांब झालेले नाही. नांदेड, लातूर तेव्हा निजामाच्या राज्यात होते; रॉस यांचा दवाखाना त्याच राज्यातल्या सिकंदराबाद छावणीजवळ, बेगमपेठेत.

रॉस यांचा जन्म १३ मे १८५७ रोजी अल्मोड्याचा. वडील कंपनी सरकारच्या फौजेत. १८८१ मध्ये ते लष्करी वैद्यकीय सेवेत आले. मन मात्र कवितेत आणि गणितात. १८९४ मध्ये लंडनला पॅट्रिक मॅन्सन यांनी त्यांना मलेरियाचे परजीवी दाखवले आणि डासावरचा संशयही बोलून दाखवला.

पुढची दोन वर्षे फुकट गेली. रॉस करड्या आणि पट्टेरी डासांची चिरफाड करत होते. ते डासच चुकीचे होते! ऑगस्ट १८९७ मध्ये ठिपकेदार पंखांचे डास हाती आले. हुसेन खान नावाच्या रुग्णाने एका डासाला एक आणा या दराने दहा डासांना आपले रक्त पिऊ दिले. डास उडून जातील म्हणून भर उकाड्यात पंखा बंद. घामाने सूक्ष्मदर्शकाचे स्क्रू गंजलेले. २० ऑगस्टला डासाच्या जठराच्या भिंतीत परजीवी दिसला. ते दहा आणे कोणत्याही पारितोषिकाच्या यादीत नाहीत.

लगेच बदली झाली. १८९८ मध्ये कलकत्त्यात प्लेगच्या धास्तीने लोक बोटालाही सुई लावू देईनात, म्हणून रॉस पक्ष्यांकडे वळले. जुलैमध्ये डासाच्या लाळग्रंथीत परजीवी सापडला. असे डास चावले आणि निरोगी चिमण्या आजारी पडल्या. पक्षी ते डास ते पक्षी, साखळी पूर्ण झाली. माणसाच्या मलेरियाची साखळी इटलीत ग्रासी यांनी जोडली. श्रेयावरून दोघांचे भांडण शेवटपर्यंत मिटले नाही. १९०२ चे नोबेल रॉस यांना मिळाले. डास किती कमी केले की साथ थांबते, याचे गणितही त्यांनीच मांडले. १६ सप्टेंबर १९३२ रोजी त्यांचे निधन झाले.

मलेरिया विषाणूचा आजार नाही. पण १९०० मध्ये क्युबात वॉल्टर रीड यांच्या पथकाने पीतज्वर डासामुळेच पसरतो हे सिद्ध केले, आणि तो डास पट्टेरी होता. रॉस यांनी बाजूला टाकलेल्यांच्याच जातकुळीतला. डेंगी आणि चिकुनगुनिया पसरवणारा एडिस तो हाच. लातूरशेजारच्या बार्शीत १९७३ मध्ये त्याने चिकुनगुनियाची साथ आणली. मग हा विषाणू तीनेक दशके जवळपास गप्प राहिला आणि २००६ मध्ये महाराष्ट्रात परतला.