खोप्याखाली बसून राहिलेला माणूस : डॉ. सालिम अली

चैत्र लागला की भांडुप-मुलुंडकडे ठाणे खाडीवर फ्लेमिंगो बघायला गर्दी होते. पोरं गळ्यात दुर्बीण अडकवून गाइडच्या मागे चिखलाच्या कडेकडेनं चालतात. पावसाच्या तोंडावर यातले बरेच पक्षी विणीसाठी कच्छकडे जातात. देशाला पाखरं बघायचं वेड ज्यांनी लावलं, ते डॉ. सालिम अली याच मुंबईचे.

जन्म 12 नोव्हेंबर 1896. आईवडील लहानपणीच गेले, मामांनी वाढवलं. छर्‍याच्या बंदुकीनं मारलेल्या एका चिमणीचा गळा पिवळा दिसला. ही कोणती जात, हे विचारायला ते बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत गेले आणि तिथलेच झाले. पुढं ब्रह्मदेशात घरचा धंदा बघितला, तो काही चालला नाही. मुंबईच्या म्युझियममध्ये माहिती सांगणाऱ्या गाइडची नोकरी मिळाली. शिकायला जर्मनीला जाऊन आले, तर पैशाअभावी ती जागाच बंद झालेली. पदवी नाही, त्यामुळं दुसरीकडं दार उघडेना.

मग 1930 मध्ये बायकोसोबत अलिबागजवळ किहीमच्या किनाऱ्यावर राहायला गेले. घराजवळ सुगरणींची वसाहत होती. बिनकामाचा माणूस रोज आडोशाला बसून खोपे बघू लागला. आपण म्हणतो सुगरण, पण खोपा विणतो नर! अर्धा विणून झाला की मादी येऊन तपासते. पसंत पडला तरच पुढचं काम. तिचं घर लागलं की हा पठ्ठ्या दुसरीसाठी नवा खोपा धरतो. आमच्या विहिरीवरच्या बाभळीला अर्धे खोपे लोंबतात, ते वाऱ्यानं तुटले असं मी कित्येक वर्षं समजत होतो. हे त्यांनी लिहून काढलं आणि जगात नाव झालं.

1939 मध्ये पत्नी तहमिना गेल्या. त्यानंतर ते वांद्र्याच्या पाली हिलवर बहिणीकडं राहिले. 1941 ला भारतीय पक्ष्यांवरचं पुस्तक आलं. 1945 ला कच्छच्या रणात जाऊन फ्लेमिंगोंची वीण बघितली. 1976 ला पद्मविभूषण. 20 जून 1987 रोजी मुंबईतच गेले, वय नव्वद.

पक्ष्यांच्या पायात कडी घालून ते कुठून कुठं जातात हे शोधायचं मोठं काम त्यांनीच सोसायटीत उभं केलं, ते अजून चालू आहे. शिवारात कडी असलेलं पाखरू सापडलं, तर कडीवरचा नंबर उतरवून सोसायटीला कळवा.