संडासवाले प्राध्यापक : अप्पा पटवर्धन

जुन्या फ्लशच्या टाकीची साखळी ओढली की एका दमात दहा-बारा लिटर पाणी जातं. नव्या दोन बटणांच्या टाकीत तेच काम तीन किंवा सहा लिटरमध्ये होतं. नागपूरच्या उन्हाळ्यात या फरकाचं मोल कुणाला सांगायला नको! पण संडास बदलल्याने पाण्याइतकाच माणूसही वाचतो, हे ज्यांनी आयुष्यभर धरून ठेवलं, त्यांचं नाव आपल्या ड्रॉइंग हॉलमध्ये क्वचितच निघतं. ते म्हणजे सीताराम पुरुषोत्तम ऊर्फ अप्पा पटवर्धन.

जन्म 1894, रत्नागिरी जिल्ह्यातला. तत्त्वज्ञान शिकलेले अप्पा प्राध्यापकी सोडून गांधीजींच्या मागे गेले. गांधीजींच्या आत्मकथेचा मराठी अनुवाद त्यांचाच. 1930 च्या शिरोड्याच्या मिठाच्या सत्याग्रहातही ते पुढे होते. पुढे लोक त्यांना कोकणचे गांधी म्हणू लागले.

खरी गोष्ट 1932 ची. अप्पा तेव्हा रत्नागिरीच्या तुरुंगात होते. त्यांनी मागितलं काय, तर भंगीकाम! म्हणजे मैला उचलण्याचं काम. वरच्या जातीच्या कैद्याला ते देता येत नाही, असं सरकारचं म्हणणं. अप्पांनी अन्न सोडलं. येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींना हे कळलं आणि 3 डिसेंबरला त्यांनीही उपवास सुरू केला. सरकारकडून आश्वासन मिळाल्यावर दुसऱ्या दिवशी तो सुटला. ब्राह्मण घरातला एम.ए. झालेला माणूस मैल्याच्या टोपलीसाठी उपाशी राहतो, हे त्या काळी लोकांच्या पचनी पडणं कठीणच होतं.

पण नुसती टोपली आपण उचलून भागत नाही. आज अप्पा उचलतील, उद्या कोण? टोपलीचा संडास आहे तोवर ती उचलणारा लागणारच. म्हणजे दोष डिझाइनचा! 1948 मध्ये कणकवलीला त्यांनी गोपुरी आश्रम काढला. तिथे मेलेल्या जनावरांची कातडी स्वतः सोलली आणि संडासांचे प्रयोगही केले. 'गोपुरी संडास' आणि 'सोपा संडास' ही नावं तिथूनच गावोगाव गेली.

तत्त्व साधं आहे. खड्डे दोन. एक भरला की तो बंद करून दुसरा वापरायचा. पहिल्यातल्या मैल्याचं दरम्यान जंतूच खत करून टाकतात. खड्डा उघडतो तेव्हा निघतं ते वास नसलेलं, मातीसारखं सोनखत. ना गटार लागतं, ना मोठी टाकी, ना पंप. पाण्याने वाहून न्यायचे संडासही याच दोन खड्ड्यांवर चालतात. भांड्याला उतार जास्त दिला आणि पाण्याची सील 20 मिलिमीटरच ठेवली की दीड-दोन लिटरमध्ये काम होतं. फ्लुइड मेकॅनिक्सवाल्यांनी याचं गणित जरूर करून बघावं.

1960 च्या सुमारास देहूच्या सरकारी दवाखान्यात आलेले डॉ. मापुसकर यांनी बांधलेले पहिले संडास पावसात ढासळले. त्यांना वाट सापडली ती अप्पांच्या सोप्या संडासात. पुढे त्यांनी त्याला बायोगॅसची जोड दिली. 2017 मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली.

अप्पा 1971 मध्ये गेले. कोरड्या संडासांवर बंदी घालणारा कायदा आला 1993 मध्ये, आणि 2013 मध्ये दुसरा, अधिक कडक कायदा करावा लागला. आजही गटारात आणि सेप्टिक टँकमध्ये उतरून माणसं मरतात.