केडगावच्या पंडिता रमाबाई

पुण्याहून दौंडकडे जाताना वाटेत केडगाव नावाचे स्टेशन लागते. सव्वाशे वर्षांपूर्वी तिथल्या शेतात दीड हजार बाया-मुली राहत, शिकत नि राबत होत्या. त्यांतल्या कितीतरी दुष्काळात उपाशी मरायच्या बेतात होत्या. त्यांना तिथे आणले पंडिता रमाबाईंनी. रमाबाई मोठ्या विदुषी होत्या हे आपण पुस्तकात वाचतो, पण त्यांच्या शेतीबद्दल फारसे कोणी सांगत नाही. म्हणून आज ती हकीकत.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतल्या गंगामूळच्या रानात झाला. हा भाग आज कर्नाटकात आहे. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे संस्कृत पंडित. बायकांनी संस्कृत शिकू नये असे त्या काळी लोक मानीत. शास्त्रीबुवांनी मात्र आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, स्वतः शिकवले. लोकांना ते रुचले नाही, म्हणून ते रानात जाऊन राहिले. पुढे घर मोडले आणि सारे कुटुंब तीर्थयात्रा करीत, पुराण सांगत गावोगाव फिरू लागले. शाळा नाही की पाटी नाही. पहाटे आई श्लोक म्हणे आणि लेक तिच्यामागून म्हणे. असे करता करता हजारो श्लोक तोंडपाठ झाले.

मग मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला. जवळचे सारे विकून झाले, भांडीकुंडीसुद्धा गेली. रानातला पाला खाऊन दिवस काढले. १८७४ मध्ये वडील गेले, थोड्याच दिवसांत आई गेली, नंतर थोरली बहीणही गेली. आई आजारी असताना रमा शेजारणीच्या दारी भाकरी मागायला गेली, पण लाजेने तिच्या तोंडून शब्दच फुटेना. आईची तिरडी उचलायला चार माणसेसुद्धा मिळेनात. कशीबशी दोन माणसे मिळाली, तिसरा भाऊ श्रीनिवास, आणि चौथी रमा. उंची कमी, म्हणून खांद्याऐवजी डोक्यावर भार घेऊन ती चालली. तेव्हा ती सोळा वर्षांची होती.

बहीणभाऊ पुढे पायीच हिंदुस्थानभर हिंडले. झेलम नदीच्या काठी थंडी असह्य झाली, अंगावर पांघरूण नाही. तेव्हा वाळूत खड्डे करून, मानेपर्यंत वाळू ओढून ती दोघे झोपली. १८७८ मध्ये ती कलकत्त्यास पोचली. तिथल्या पंडितांनी तिची विद्या पारखून तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. काल दारोदार हिंडणारी मुलगी आज भर सभेत बोलू लागली!

पण सुख काही टिकले नाही. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच साली त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलांशी विवाह केला. जात वेगळी, प्रांत वेगळा. १८८१ मध्ये मनोरमा जन्मली आणि १८८२ मध्ये पती पटकीने गेले. चोवीस वर्षांच्या रमाबाई तान्ह्या लेकीला घेऊन पुण्यास आल्या. तिथे आर्य महिला समाज स्थापला. हंटर कमिशनपुढे साक्ष देऊन स्त्री-शिक्षिका नि स्त्री-डॉक्टर हव्यात असे त्यांनी बजावून सांगितले. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि तिथे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. इकडे पुष्कळ लोक नाराज झाले. पुढे त्या अमेरिकेस गेल्या आणि हिंदू विधवांच्या स्थितीवर त्यांनी इंग्रजीत पुस्तक लिहिले. बोस्टनच्या लोकांनी मंडळ काढून दहा वर्षे पैसा पुरवायचे कबूल केले.

त्या पैशावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ शारदासदन उघडले. पहिल्या विद्यार्थिनींतील गोदूबाई पुढे धोंडो केशव कर्व्यांच्या पत्नी झाल्या. १८९० मध्ये सदन पुण्यास आले. १८९३ मध्ये मोठे वादळ उठले. रमाबाईंच्या प्रार्थनेला मुली बसतात, म्हणजे त्यांना बाटवायचा डाव आहे, असा बोभाटा झाला. सल्लागार मंडळातील मोठमोठी माणसे बाजूला झाली आणि वीस-पंचवीस मुलींना पालकांनी काढून नेले. पालकांची भीती अगदीच पोकळ होती असे म्हणता येणार नाही, कारण पुढे पुष्कळ मुलींनी तो धर्म घेतला. पण त्या मुलींना शिकवायला दुसरे कोण तयार होते, हेही विचारायलाच हवे.

रमाबाईंना काळजी वेगळीच होती. दहा वर्षे संपली की पुढे काय? परक्याच्या पैशावर घर किती दिवस चालायचे? ज्याने उपास काढलेत त्याला हे बरोबर कळते. त्यांनी केडगावला शंभर एकर जमीन घेतली. विहिरी खणल्या, फळझाडे लावली. बागेच्या उत्पन्नावर सदन चालवायचे असा हिशेब होता.

झाडे पुरती वाढायच्या आतच १८९६ चा दुष्काळ आला. मध्य प्रांतात माणसे वाटेवर मरून पडत होती. रमाबाईंना आपली आई, आपली बहीण आठवली. त्या स्वतः तिकडे गेल्या आणि हाडांचे सापळे झालेल्या मुली घेऊन आल्या. हळूहळू त्यांची संख्या तीनशेच्या घरात गेली. पण पुण्यात १८९७ ची प्लेगची साथ होती. शहरात एवढ्या मुली ठेवायला परवानगी मिळेना. मग काय, चला केडगावला! आधी नुसते तंबू नि झोपड्या, मग पक्क्या इमारती झाल्या. या वसाहतीचे नाव मुक्ती. १९०० मध्ये गुजरातेत दुष्काळ पडला, तेव्हा तिकडूनही शेकडो मुली आल्या. दीड हजार माणसे आणि शंभरावर गुरे! रोजचे पाणी, धान्य, जळण यांचा नुसता हिशेब करून बघा.

नुसते बसून खायचे नाही, असा तिथला शिरस्ता. सकाळी शाळा असली तरी हाताला काम हवेच. कोणी शेतात भाजीपाला लावी, कोणी दूधदुभते पाही, कोणी मागावर, कोणी तेलघाण्यावर, कोणी शिवणावर. छापखान्यात खिळे जुळवायलाही मुलीच. आंधळ्या मुलींनासुद्धा शिक्षण होते. मनोरमाबाई त्यासाठी ब्रेल लिपी शिकून आल्या. म्हाताऱ्या बायांना, टाकून दिलेल्या बायांनाही जागा होती, नि कोणाची जात विचारली जात नसे.

इतका पसारा सांभाळून रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि बायबलचे मराठी भाषांतर करीत बसल्या. साध्या बाईलाही ते समजावे अशी त्यांची इच्छा होती.

१९२१ च्या जुलैमध्ये मनोरमाबाई वारल्या. आईच्या मागे सारे त्याच सांभाळतील असे ठरले होते. रमाबाईंनी तेही सोसले, हातचे काम सोडले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावलाच त्यांचा अंत झाला. त्यांचे बायबल १९२४ मध्ये मुक्तीच्या छापखान्यातून पूर्ण छापून बाहेर पडले. १९८९ मध्ये सरकारने त्यांचे टपाल तिकीट काढले. केडगावची मुक्ती मात्र अजून चालू आहे.